विश्लेषण : आधी ‘कोच हटाव’, दोन आठवड्यांनी ‘गुरू असावा तर असा’, प्रशिक्षकाची कामगिरी मोजायची तरी कशी?

१९ ऑक्टोबर २०२५. दिवाळीच्या तोंडावर इंदूरच्या होळकर स्टेडियमवर भारतीय महिला संघ इंग्लंडकडून ४ धावांनी हरला. विश्वचषकातला हा सलग तिसरा पराभव होता. मुख्य प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांना हटवा, अशी मागणी त्याच रात्री मोबाइलवर फिरायला लागली. भारताकडून एकही सामना न खेळलेल्या माणसाला हे पद दिलंच कसं, इथपासून सुरुवात होऊन पुढे काय काय बोललं गेलं, ते इथे छापण्यासारखं नाही.

२ नोव्हेंबर २०२५. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि पहिल्यांदाच महिलांचा विश्वचषक जिंकला. कर्णधार हरमनप्रीत कौर धावत येऊन मुझुमदार यांच्या पाया पडली. तो व्हिडिओ तुम्हीही पुढे पाठवला असेल.

या दोन तारखांमध्ये फक्त १४ दिवस आहेत. माणूस तोच, त्याचा अनुभव तोच. त्याच्या हाताखालचा संघही बहुतेक तोच. मग १९ तारखेला चाहते चुकले होते की २ तारखेला? की दोन्ही वेळा प्रश्नच भलताच विचारला जात होता? जरा आकडे काढून बघू.

तीन सामने नेमके कसे हरलो?

सलग तीन पराभव म्हटलं की संघ पार ढेपाळला असं चित्र डोळ्यांसमोर येतं. धावफलक मात्र वेगळं सांगतो.

९ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताने २५१ धावा केल्या, त्यात रिचा घोषच्या ९४ होत्या. आफ्रिकेचा निम्मा संघ ८१ धावांत गारद झाला होता. तिथून नदिन डी क्लर्कने ५४ चेंडूंत नाबाद ८४ धावा ठोकल्या आणि आफ्रिका ३ गडी आणि ७ चेंडू राखून जिंकली. तीन दिवसांनी त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने ३३० धावा उभारल्या, पण शेवटचे सहा गडी अवघ्या ३६ धावांत गमावून. अलिसा हिलीने १४२ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाने एक षटक राखून सामना मारला. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला तोवरचा तो सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग होता. मग इंदूर. २८९ धावांचं लक्ष्य होतं. सांगलीची स्मृती मानधना ८८ वर बाद झाली, तेव्हा जवळपास चेंडूला एक धाव हवी होती आणि गडी हातात होते. डाव २८४ वर अडला.

म्हणजे सात चेंडू, सहा चेंडू आणि चार धावा. तिन्ही सामने शेवटच्या दीड षटकात फिरले.

आता थोडं इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित. घाबरू नका, नाण्याचंच आहे. साखळीत भारताचे सात सामने होते. समजा, प्रत्येक सामना म्हणजे छापा-काटा. सात वेळा नाणं उडवलं तर निकालांचे एकूण १२८ क्रम तयार होतात. त्यातल्या ४७ क्रमांमध्ये कुठे ना कुठे सलग तीन वेळा काटा येतो. टक्केवारी काढली तर जवळपास ३७. नाणं अगदी चोख असलं, उडवणाऱ्याची काही चूक नसली, तरी तीनातून एकदा तरी अशी ‘पराभवांची मालिका’ दिसणारच.

क्रिकेट म्हणजे नाणं नाही, हे मान्य. सगळे प्रतिस्पर्धी सारखे नसतात, आणि शेवटचे सहा गडी ३६ धावांत गमावणं ही नाण्याची करणी नव्हे. पण सलग तीन पराभव हा आकडा एकटा उभा केला, तर त्यातून प्रशिक्षकाबद्दल फार थोडं कळतं.

चाहत्यांचा आक्षेप चूक होता का?

सगळाच नाही. चाहते म्हणजे नुसता आरडाओरडा करणारे, असं म्हणणं सोपं आहे. या वेळी मात्र त्यांनी दोन मुद्दे अगदी नेमके पकडले होते.

पहिला मुद्दा सहाव्या गोलंदाजाचा. भारत पाचच गोलंदाज घेऊन खेळत होता. एखादीचा दिवस खराब गेला की कर्णधाराकडे दुसरा पर्याय नव्हता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३० धावाही पुरल्या नाहीत, तेव्हा हे सगळ्यांनाच दिसलं. दुसरा मुद्दा जेमिमा रॉड्रिग्जचा. सहावी गोलंदाज हवी म्हणून इंग्लंडविरुद्ध रेणुका सिंगला घेतलं, आणि जागा करायला जेमिमाला बाहेर बसवलं. पाठलाग चार धावांनी हुकल्यावर वांद्र्याच्या या मुलीची आठवण कोणाला झाली नसेल?

माझ्या मते इथे चाहते बरोबर होते. एक भोक बुजवायला दुसरं पाडलं होतं. पुढच्याच सामन्यात, २३ ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध, संघ व्यवस्थापनाने जेमिमाला परत आणलं आणि तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. तिने नाबाद ७६ धावा केल्या. सलामीला स्मृतीने १०९ आणि प्रतिका रावलने १२२ धावा केल्या, भारताने ३ बाद ३४० पर्यंत मजल मारली आणि पावसाने छोट्या झालेल्या सामन्यात डकवर्थ-लुईस नियमानुसार ५३ धावांनी विजय मिळवला.

तिसरा आक्षेप मात्र मला कधीच पटला नाही. ‘भारताकडून खेळला नाही, तो काय शिकवणार?’ मुझुमदार यांनी १७१ प्रथम श्रेणी सामन्यांत ११,१६७ धावा आणि ३० शतकं केली आहेत. १९९४ मध्ये हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणात त्यांनी २६० धावा केल्या, तेव्हा पदार्पणातला तो जागतिक विक्रम होता. १९८८ मध्ये शारदाश्रमकडून सचिन आणि विनोद कांबळी ६६४ धावांची भागीदारी रचत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा हाच, ही गोष्ट मुंबई-ठाण्यातल्या प्रत्येक मैदानावर सांगितली जाते. त्या सगळ्यांचे गुरू रमाकांत आचरेकर स्वतः एकच प्रथम श्रेणी सामना खेळले होते. तेव्हा टोपी किती मोठी होती, यावरून शिकवणं मोजायची पद्धत निदान आपल्याकडे तरी चालायला नको.

आणखी एक गोष्ट ऑक्टोबरच्या त्या गदारोळात फार थोड्यांना आठवली. २००६-०७ च्या रणजी हंगामात मुंबईने पहिले तिन्ही सामने गमावले होते. प्रवीण आमरे तेव्हा प्रशिक्षक होते. बडोद्याविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात मुंबईची अवस्था ५ बाद शून्य अशी झाली होती. पाच गडी तंबूत आणि धाव एकही नाही! तरी मुंबई अंतिम फेरीत गेली आणि बंगालला हरवून करंडक जिंकली. त्या संघाचा कर्णधार अमोल मुझुमदार होता. तीन पराभवांनंतर काय करायचं, याचा अनुभव असलेला माणूस शोधायचा म्हटला असता, तर याहून चांगला उमेदवार कुठून आणला असता?

प्रशिक्षकाच्या हातात नेमकं असतं काय?

टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा कमी. विश्वचषकाचा १५ जणींचा संघ निवड समितीने ऑगस्टमध्ये निवडला होता. अंतिम ११ ठरवताना प्रशिक्षक आणि कर्णधार एकत्र बसतात. सीमारेषेच्या आत पाऊल पडलं की निर्णय कर्णधाराचे. गोलंदाजीचं काम आविष्कार साळवींकडे आणि क्षेत्ररक्षणाचं मुनीष बालींकडे होतं. मुख्य प्रशिक्षकाचं खरं काम सामन्याच्या आधी होतं. सराव कशाचा घ्यायचा, कोणाची भूमिका काय, कोणाला विश्वास द्यायचा आणि कोणाला बसवायचं, हे त्याला ठरवावं लागतं. सामना सुरू झाल्यावर तो बहुतेक वेळ तुमच्या-आमच्यासारखा बसून बघत असतो, फक्त त्याची खुर्ची चांगली असते.

अंतिम सामन्याची नायिका शफाली वर्मा हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. ऑगस्टमध्ये निवडलेल्या संघात ती नव्हतीच. २६ ऑक्टोबरला नवी मुंबईत बांगलादेशविरुद्धच्या, पावसाने वाया गेलेल्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना प्रतिका रावलचा पाय मुरगळला. ऐन उपांत्य फेरीआधी सलामीची फलंदाज गेली, म्हणून शफालीला बोलावलं. अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या. मग हरमनप्रीतने, तिच्याच सांगण्यानुसार निव्वळ आतल्या आवाजावर, तिच्या हाती चेंडू दिला आणि शफालीने दोन बळी घेतले. सामनावीर तीच ठरली.

यात प्रशिक्षकाचं श्रेय किती? प्रामाणिक उत्तर म्हणजे थोडंसं. निवड समितीने तिला आधी घेतलं नव्हतं, दुखापत योगायोगाने झाली, गोलंदाजी देण्याचा निर्णय कर्णधाराचा. तरी विजयानंतर हे सगळं ‘मुझुमदार सरांची जादू’ या एका खात्यात जमा झालं. आधीच्या तीन पराभवांचं खापर त्यांच्या एकट्यावर फुटलं, तसंच हेही. दोन्ही हिशेब सारखेच कच्चे.

ड्रेसिंग रूममध्ये ओरडल्यामुळे संघ सुधारला?

इंग्लंडकडून हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये आपण काही बोललो नाही, सरच बोलले आणि कडक बोलले, असं हरमनप्रीतने नंतर पत्रकारांना सांगितलं. जिंकता जिंकता हरायचं हे पुन्हा पुन्हा चालणार नाही, ती रेषा ओलांडावीच लागेल, असा त्या बोलण्याचा आशय होता. त्यानंतर संघ एकही सामना हरला नाही. आता प्रत्येक शाळेतल्या पीटीच्या सरांना पुरावा मिळाला की ओरडलं की मुलं सुधारतात!

इथे डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रसिद्ध किस्सा सांगायलाच हवा. इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना ते समजावत होते की शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस चांगलं शिकतो. तेव्हा एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला, आमचा अनुभव उलटा आहे. एखाद्याने उत्तम कसरत केली आणि आम्ही कौतुक केलं की पुढच्या वेळी तो बिघडतो. वाईट केली आणि झापलं की पुढच्या वेळी सुधारतो. कानमन यांच्या लक्षात आलं की निरीक्षण खरं आहे, अर्थ चुकीचा आहे. कोणाचीही फार वाईट कामगिरी झाली की पुढची बहुधा त्याच्या सरासरीच्या जवळ जाते, म्हणजे आपोआप बरी दिसते. फार चांगल्या कामगिरीनंतर उलटं होतं. ओरडणं किंवा कौतुक करणं मधल्या मध्ये श्रेय खाऊन जातं.

मुझुमदार यांच्या बोलण्याचा परिणाम झालाच नाही, असं मला म्हणायचं नाही. खेळाडूच सांगतात की झाला. पण तीन सामने थोडक्यात हरलेल्या दर्जेदार संघाने चौथा जिंकणं ही काही अघटित घटना नव्हती. त्यापेक्षा मला ३० ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यातला प्रसंग जास्त बोलका वाटतो. ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या होत्या. मधल्या वेळेत मुझुमदार यांनी फळ्यावर इतकंच लिहिलं की आपल्याला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी आहे. जेमिमाने १३४ चेंडूंत नाबाद १२७ आणि हरमनप्रीतने ८९ धावा केल्या. भारताने ९ चेंडू राखून ५ बाद ३४१ केल्या आणि महिला क्रिकेटमधल्या सर्वांत मोठ्या पाठलागाचा विक्रम १८ दिवसांत ऑस्ट्रेलियाकडून स्वतःकडे घेतला. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून नेरूळला गेलेली मंडळी अजून त्या रात्रीबद्दल बोलतात.

पण याच सामन्यातली दुसरी बाजू बघा. आपण तिसऱ्या क्रमांकावर खेळणार आहोत, हे जेमिमाला मैदानात उतरण्याच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं, असं तिनेच सांगितलं. ती शून्यावर बाद झाली असती तर? ‘खेळाडूला स्वतःचा क्रमांकसुद्धा माहीत नाही, हे कसलं प्रशिक्षण?’ हेच मथळे आम्हीच दिले असते. १२७ धावा झाल्यावर तोच निर्णय धाडसी ठरला. निकाल आधी बघून मग निर्णयाला नाव द्यायची ही सवय चाहत्यांना आहे, तशी आम्हा पत्रकारांनाही आहे.

कोच बदलला की संघ सुधारतो का?

हा प्रश्न मला खोपटला एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर एका मुलाने विचारला. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळतो. पाठीवर सॅक, त्यात घामेजलेली जर्सी. मी पेपरवाला आहे हे कळल्यावर म्हणाला, “दादा, आमच्या ग्रुपवर पोल घेतलाय. कोच बदलायचा की नाही. तीन मॅच हरलो.”

“किती फरकाने?”

“दोन तर एकेका बास्केटने. पण हरलो ना!”

त्याला मी तेव्हा ड्यूक विद्यापीठाची गोष्ट सांगितली. कॉलेज बास्केटबॉलच्या प्रशिक्षकावरून सर्वांत जास्त कडाडून कुठे भांडत असतील, तर अमेरिकेत. तिथे विद्यापीठांचे सामने टीव्हीवर दाखवतात, माजी विद्यार्थी देणग्या देतात आणि देणगीबरोबर मतही देतात. १९८० मध्ये ड्यूकने माइक शिशेव्हस्की या ३३ वर्षांच्या, फारशा कोणाला माहीत नसलेल्या प्रशिक्षकाला आणलं. पहिल्या तीन हंगामांत ३८ विजय आणि ४७ पराभव. तिसऱ्या हंगामाचा शेवट व्हर्जिनियाकडून १०९-६६ असा झाला, म्हणजे तब्बल ४३ गुणांनी पराभव. देणगीदार चिडले, हकालपट्टीची मागणी झाली. क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी उलट १९८४ मध्ये त्यांचा करार वाढवला. पुढे शिशेव्हस्की यांनी ड्यूकला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली आणि २०२२ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर १,२०२ विजय होते. त्यांच्याही आधी यूसीएलएचे जॉन वुडन. त्यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९६४ मध्ये आलं, सोळाव्या हंगामात. त्यानंतरच्या बारा वर्षांच्या हिशेबात एकूण दहा. सोळा वर्षं आपल्याकडे कोणत्या प्रशिक्षकाला मिळाली आहेत?

मुलगा म्हणाला, “म्हणजे ठेवायचा?” तर तसंही नाही. जे प्रशिक्षक तीन वर्षं हरले आणि पुढेही हरतच राहिले, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, म्हणून ड्यूकची गोष्ट अर्धीच आहे. त्यासाठी एका माणसाची नाही, शेकडो प्रशिक्षकांची नोंद बघावी लागते. ती काहींनी बघितली आहे. नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी डच फुटबॉलमधले १९८६ ते २००४ चे हंगाम तपासले. हरणाऱ्या संघाने प्रशिक्षक बदलला की पुढे निकाल सुधारतात, हे खरं निघालं. पण तितकेच हरलेल्या ज्या संघांनी प्रशिक्षक बदलला नाही, तेही साधारण तसेच सुधारले. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा अभ्यास अॅडलर, बेरी आणि डोहर्टी या तिघांनी केला. अगदी तळाच्या संघांना प्रशिक्षक बदलून फारसा फरक पडला नाही आणि मध्यम कामगिरीच्या संघांचं तर पुढच्या काळात नुकसानच झालं, असं त्यांना आढळलं.

आपल्या महिला संघाने बदलाचा प्रयोग पुरेसा करून बघितला आहे. २०१७ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर ९ धावांनी अंतिम सामना हरलो, तेव्हा तुषार आरोठे प्रशिक्षक होते. पुढच्या वर्षी ते गेले आणि रमेश पोवार आले. मिताली राज प्रकरणानंतर त्यांच्या जागी डब्ल्यू. व्ही. रामन आले, त्यांच्या काळात २०२० च्या टी-२० विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली. २०२१ मध्ये पुन्हा पोवार. २०२२ च्या अखेरीस ते गेल्यावर हृषीकेश कानिटकरांनी जबाबदारी सांभाळली आणि मग ऑक्टोबर २०२३ मध्ये मुझुमदार. सहा वर्षांत इतक्यांदा खुर्ची फिरली. चांगला प्रशिक्षक म्हणजे काय, हे ठरायलासुद्धा यात वेळ मिळाला नाही.

कॉलेजच्या पातळीवर तर परिस्थिती आणखी नाजूक. बऱ्याच स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. एक दिवस वाईट गेला की वर्ष संपलं. प्रशिक्षक बहुधा हंगामापुरता, मानधनावर. नाण्याचं गणित सात वेळा उडवूनही फसवतं, तिथे एक-दोन वेळा उडवून माणसाची रोजी ठरते.

मग बघायचं काय?

निकालाआधी घेतलेले निर्णय बघा, हे मी सगळ्यांत वर ठेवेन. सामना सुरू होण्यापूर्वी जे माहीत होतं, त्यावरून निर्णय शहाणपणाचा होता का? या कसोटीवर जेमिमाला बसवणं तेव्हाही चूक होतं आणि इंग्लंडविरुद्ध चार धावा जास्त झाल्या असत्या तरी चूकच राहिलं असतं.

दुसरं म्हणजे चूक कळल्यावर ती किती लवकर सुधारली? मुझुमदार आणि हरमनप्रीत यांनी चार दिवसांत सुधारली. हट्ट धरला नाही. मला त्यांच्या खात्यातली ही सर्वांत मोठी जमा वाटते, फळ्यावरच्या वाक्यापेक्षाही मोठी.

तिसरी गोष्ट मोजायला वेळ लागतो. नवे खेळाडू आले का आणि आल्यावर सुधारले का? प्रतिका रावलचं पदार्पण डिसेंबर २०२४ मध्ये झालं. श्री चरणी आणि क्रांती गौड २०२५ मध्ये आल्या. चरणीने या विश्वचषकात १४ बळी घेतले. दीप्ती शर्मा आधीपासून होतीच, पण २२ बळी आणि २१५ धावा करून स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरण्याची उंची तिने इथे गाठली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मायदेशात ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिला कसोटी विजय, २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये टी-२० आणि एकदिवसीय अशा दोन्ही मालिका जिंकणं हेही याच काळातलं.

उधारीची बाजूही आहे. २०२४ च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात श्रीलंकेकडून पराभव आणि त्याच ऑक्टोबरमध्ये यूएईतल्या टी-२० विश्वचषकात पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळणं. विश्वचषक जिंकल्यावर हे पुसलं जात नाही. एकदिवसीय संघ घडवता आला म्हणून टी-२० संघही घडवता येतोच असं नाही.

चंद्रकांत पंडित यांचं काय?

प्रशिक्षकाची नोंद वाचणं किती अवघड असतं, हे बघायचं तर पंडित यांच्याइतकं उदाहरण देशात नाही. प्रशिक्षक म्हणून सहा रणजी करंडक त्यांच्या नावावर आहेत. मुंबईसोबत तीन, विदर्भासोबत दोन, मध्य प्रदेशसोबत एक. मुंबईने २०१५-१६ मध्ये त्यांच्या हाताखाली करंडक जिंकला, पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात गुजरातकडून हार झाली आणि पंडित मुंबईच्या बाहेर. तेव्हा त्यांच्या कडक शिस्तीवर बोट ठेवणारे कमी नव्हते. ते नागपूरला गेले आणि तोवर एकदाही अंतिम फेरी न गाठलेल्या विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा करंडक उचलला.

मग आयपीएल. कोलकाता नाइट रायडर्स त्यांच्या पहिल्या हंगामात, २०२३ मध्ये, सातवे आले. २०२४ मध्ये विजेते झाले, पण श्रेय जास्त करून मार्गदर्शक गौतम गंभीर यांना मिळालं. २०२५ मध्ये आठवे आले आणि जुलैमध्ये पंडित यांनी पद सोडलं. शिस्त तीच, माणूस तोच. रणजीतल्या तरुण पोरांना ती शिस्त घडवते आणि आयपीएलच्या तारांकित खेळाडूंना ती जाचते, असं म्हणणारे आहेत. मला त्यात तथ्य वाटतं, पण तीन हंगामांवरून शपथ घेऊन सांगणार नाही.

दोघांची गाठ एका सामन्यात पडली होती. जून २०२२ मध्ये बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर रणजीचा अंतिम सामना झाला. याच मैदानावर २३ वर्षांपूर्वी पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून कर्नाटककडून अंतिम सामना हरले होते. या वेळी त्यांच्या मध्य प्रदेशने मुंबईला ६ गडी राखून हरवलं. हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईने मुझुमदार यांच्या हाताखाली पहिल्यांदा सय्यद मुश्ताक अली करंडक जिंकला. रणजीत मात्र २०२२-२३ मध्ये बाद फेरीही गाठता आली नाही. पुढच्या हंगामासाठी मुंबईने ओंकार साळवींना प्रशिक्षक नेमलं आणि मार्च २०२४ मध्ये विदर्भाला हरवून ४२ वा रणजी करंडक जिंकला. त्यातलं साळवींचं किती आणि आधीच्या दोन वर्षांत मुझुमदार यांनी केलेल्या मेहनतीचं किती, यावर मुंबईच्या मैदानांवर अजून वाद चालतो.